भिंतीवर चिकटलेला ‘तो’ बेडूक कोणता? घरातला झाडबेडूक ओळखायचा कसा, मोबाइलवर फोटो काढायचा कसा, वाचा सविस्तर

मंगळवेढा : उन्हाळा सरत आला आणि एखादा वळीव होऊन गेला, की अनेक घरांत एक पाहुणा न सांगता येतो. न्हाणीघराच्या फरशीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली, खिडकीच्या काचेवर, तर कधी दारामागे टांगलेल्या कपड्यांच्या घडीत तो अंग चोरून बसलेला असतो. रंग कधी राखाडी, कधी मातकट, कधी चुन्याच्या भिंतीसारखा फिकट. दिसायला बेडूक आहे हे खरे, पण बेडूक भिंतीवर चढतो कसा? मग कोणी झाडू आणतो, कोणी मीठ टाकतो, तर कोणी फोटो काढून घरच्या ग्रुपवर विचारतो, ‘हा विषारी आहे का?’

उत्तर आधीच सांगायचे तर, नाही. हा माणसाला अपाय करणारा प्राणी नाही. तो आहे भारतीय झाडबेडूक. त्याला ओळखणे फारसे अवघड नाही आणि साध्या मोबाइलवर त्याचा उत्तम फोटो निघतो. तो फोटो योग्य ठिकाणी पोहोचला, तर मंगळवेढ्यासारख्या कोरड्या तालुक्यात कोणते बेडूक आहेत, याची कायमची नोंदही होते.

थोडक्यात महत्त्वाचे

• भिंतीवर, काचेवर चढणारा आणि बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला बेडूक बहुधा झाडबेडूक असतो.
• इंटरनेटवर दिसणारा ‘ग्रे ट्री फ्रॉग’ अमेरिकेतला आहे, आपल्याकडचा वेगळा.
• हात न लावता, मऊ प्रकाशात, डोळ्यावर फोकस ठेवून फोटो काढा.
• व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातील वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते.
• मीठ, फिनेल किंवा उकळते पाणी टाकू नका. वाडगे आणि पुठ्ठ्याने तो सहज बाहेर सोडता येतो.

हा बेडूक नेमका कोणता?

याचे शास्त्रीय नाव ‘पॉलिपेडेटस मॅक्युलेटस’. ‘मॅक्युलेटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ठिपकेदार. भारतासह श्रीलंका, नेपाळ आणि बांगलादेशात तो आढळतो. जंगलच पाहिजे असा त्याचा हट्ट नाही. शेत, परसबाग, गोठा, विहीर, शौचालय, बंद पडलेला कूलर, असे सारे त्याला चालते. चुन्याने रंगवलेल्या भिंतींवर हमखास दिसतो म्हणून दक्षिण भारतातील इंग्रजांनी त्याला ‘चुनाम फ्रॉग’, म्हणजे चुन्याचा बेडूक, असे नाव ठेवले होते.

निसर्ग संवर्धनाचे काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत तो ‘चिंता नसलेल्या’ गटात आहे. म्हणजे तो दुर्मीळ नाही. फोटोला ‘अतिदुर्मीळ बेडूक सापडला’ अशी ओळ देऊन फॉरवर्ड करण्याची गरज नाही.

मग ‘ग्रे ट्री फ्रॉग’ कोणता?

मोबाइलवर इंग्रजीत ‘राखाडी झाडबेडूक’ शोधले, की ‘ग्रे ट्री फ्रॉग’ची पानेच्या पाने समोर येतात. फोटो आपल्या न्हाणीघरातल्या बेडकाशी इतके जुळतात की ‘हाच तो’ असे वाटून जाते. पण तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात राहणारा बेडूक आहे आणि त्याचे कुळही वेगळे आहे. झाडावर राहायचे, तर बोटांना पकड हवी. ही गरज दोन्ही कुळांना पडली आणि दोघांच्याही बोटांना, स्वतंत्रपणे, चकत्या आल्या.

फरक ओळखायला सोपा आहे. अमेरिकी बेडकाची पाठ खरबरीत असते आणि डोळ्याखाली फिकट डाग असतो. आपल्या बेडकाची पाठ गुळगुळीत असते. अमेरिकी बेडूक अंडी थेट पाण्यात घालतो, तर आपला बेडूक पाण्याच्या वर फेसाचे घरटे करतो. अमेरिकी बेडूक कडाक्याच्या हिवाळ्यात शरीरातील काही पाणी गोठले तरी जिवंत राहतो. आपल्याकडच्या बेडकाची लढाई नेमकी उलटी, उन्हाळ्याशी आहे.

या अमेरिकी बेडकाच्या गोष्टीत एक धडा मात्र आपल्या कामाचा आहे. ‘ग्रे ट्री फ्रॉग’ म्हणून ओळखले जाणारे बेडूक प्रत्यक्षात दोन जातींचे आहेत. एका जातीच्या पेशीत २४ गुणसूत्रे, तर दुसरीच्या पेशीत दुप्पट, म्हणजे ४८. दोघांना शेजारी ठेवले तरी नजरेने फरक सांगता येत नाही. रानात त्यांना वेगळे ओळखायचे ते मुख्यतः आवाजाच्या गतीवरून. म्हणूनच बेडकाचा फोटो काढताना त्याचा आवाजही रेकॉर्ड करा, असे अभ्यासक सांगतात.

ओळखण्याच्या पाच खुणा

१. बोटांची टोके : प्रत्येक बोटाच्या टोकाला गोल, चपटी चकती. बेडूक काचेवर बसला असेल तर पलीकडच्या बाजूने ती स्पष्ट दिसते.

२. मांडीमागचे ठिपके : मांडीच्या मागच्या बाजूला गडद तपकिरी जाळी आणि तिच्यात पिवळसर गोल ठिपके. ही सर्वांत भरवशाची खूण. बेडूक पाय दुमडून बसला की ती झाकली जाते. चढताना किंवा पाय पसरताना दिसते.

३. डोळा आणि कानाचा पडदा : डोळे मोठे, बाहुली आडवी. डोळ्याच्या मागे गोल कानपडदा आणि त्याच्यावरून खांद्याकडे जाणारी गडद रेघ.

४. अंगाचा बांधा : कंबर बारीक, पाय लांब, त्वचा गुळगुळीत. मादी साधारण सात ते आठ सेंटिमीटर, नर तिच्यापेक्षा लहान.

५. पाठीवरची नक्षी : काही बेडकांच्या पाठीवर डमरूसारखा गडद आकार असतो, काहींवर विखुरलेले डाग, तर काहींची पाठ अगदी कोरी.

रंगाला मात्र खुणांच्या यादीत जागा नाही. प्रकाश, तापमान आणि ओलावा बदलला की हा बेडूक फिकट किंवा गडद होतो. सकाळी पांढुरका दिसलेला आणि रात्री तपकिरी दिसलेला बेडूक एकच असू शकतो.

भिंतीवर चिकटतो कसा?

बोटांच्या चकत्यांना गोंद नसतो आणि त्या रबरी चोषकासारख्याही काम करत नाहीत. चकतीचा पृष्ठभाग बहुतांशी षटकोनी पेशींचा बनलेला असतो आणि पेशींमध्ये बारीक चर असतात. त्यातून पसरणाऱ्या पातळ स्रावाचा थर चकती आणि भिंत यांच्यात बसतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सहज सुटत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. पाऊल उचलताना बेडूक चकती कडेने सोलल्यासारखी काढतो, त्यामुळे ती चटकन सुटते.

मंगळवेढ्याच्या उन्हात टिकतो कसा?

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. ज्वारीचे कोठार म्हणून मंगळवेढ्याची ओळख आहे आणि २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते इथल्या कोरडवाहू काळ्या मातीमुळेच. बेडकाची त्वचा मात्र पातळ आणि पाणी झिरपू देणारी. अशा मुलखात त्याचे निभते कसे?

याचे एक उत्तर संशोधकांना या बेडकाच्या सवयीत सापडले. १९९७ मध्ये ‘कोपिया’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकी आणि भारतीय संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा बेडूक त्वचेतून पाझरणारा स्निग्ध स्राव हातापायांनी साऱ्या अंगाला चोपडतो, असे त्यांनी नोंदवले. आपण थंडीत अंगाला तेल लावतो, तसेच काहीसे. या थरामुळे अंगातले पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो. अंग पुसून झाले की तो हातपाय पोटाशी घेतो आणि निश्चल बसून राहतो.

म्हणजे दुपारी भिंतीच्या कोपऱ्यात दगडासारखा बसलेला बेडूक आजारी नसतो, मेलेलाही नसतो. तो पाणी वाचवत असतो. त्याला काडीने डिवचून ‘जिवंत आहे का’ पाहणे म्हणजे त्याची जपून ठेवलेली ओल वाया घालवणे.

न्हाणीघराची ओढही यातूनच समजते. बाहेर सारे तापलेले असताना ओली फरशी, गळका नळ आणि दिव्याभोवती जमणारे किडे, एवढे सगळे एकाच जागी मिळत असेल, तर तो दुसरीकडे कशाला जाईल?

कुठे आणि कधी शोधायचा?

शोधायला सर्वांत चांगला काळ जून ते ऑक्टोबर. सोलापूर जिल्ह्यात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये असतो, त्यामुळे श्रावणात दिसला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पाऊस पडून गेल्यानंतरची उबदार, दमट आणि वारा पडलेली रात्र उत्तम. अंधार पडल्यापासून पहिले दोन-तीन तास त्याची हालचाल जास्त असते.

घरात पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. न्हाणीघराचा वरचा कोपरा, टाकी आणि हौदाच्या आतल्या कडा, वीजमीटरच्या पेटीची खालची बाजू, बंद कूलर, कुंड्यांमागची भिंत, अंगणातल्या दिव्याजवळचा खांब. शेतावर केळीच्या पानांचे देठ, विहिरीचे कठडे, मोटारीची पेटी, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी आणि जनावरांच्या पाण्याचा हौद पाहावा.

शहराबाहेर जायचे तर भीमाकाठचे माचणूर आहे. सिद्धेश्वराचे मंदिर, किल्ला आणि घाट यांमुळे तिथे वर्दळ असते, तरी काठची झाडी आणि ओल टिकून आहे. नदीकाठी इतर जातींचे बेडूकही दिसतात. रात्री मात्र घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर एकट्याने उतरू नये.

शोधताना डोळ्यांआधी कान वापरा. नराचा आवाज ‘डराव’ असा नसतो. कोणी बोटाने लाकडी फळीवर भराभर टकटक करावी, तसा ‘टक-टक-टक-टक’ असा तुटक आवाज येतो. अनेकदा तो पालीचा किंवा एखाद्या किड्याचा वाटून सोडून दिला जातो. आवाज जिथून येतो, त्या बाजूला जमिनीपासून कंबरेच्या उंचीपर्यंतच्या फांद्या आणि भिंती आधी पाहा.

झाडबेडूक की दुसरा कोणी?

परसात दिसणारा प्रत्येक बेडूक झाडबेडूक नसतो. गोंधळ टाळण्यासाठी नेहमी भेटणारे काही शेजारी ओळखून ठेवावेत.

भेक, म्हणजे टोड : अंगावर चामखिळीसारखे उंचवटे, कोरडी त्वचा, आखूड पाय. दिव्याखाली किडे टिपत जमिनीवर बसतो. गुळगुळीत भिंत त्याला चढता येत नाही.

बुलफ्रॉग : आकाराने सर्वांत मोठा. पहिल्या जोरदार पावसात नर पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेशातील नरसिंहपूरचा अशा पिवळ्या बेडकांचा व्हिडिओ देशभर व्हायरल झाला होता. ते कोणतेही अघटित नव्हते. विणीच्या काळातला तो रंग आहे, आणि काही दिवसांत तो उतरतो.

पाण्यावर उड्या मारणारा बेडूक : विहिरीत किंवा डबक्यात फक्त डोळे वर ठेवून तरंगतो आणि चाहूल लागली की पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत जातो.

बिळात राहणारे बेडूक : गोलमटोल अंगाचे. कोरडे महिने मातीखाली काढतात, पहिल्या पावसात बाहेर येतात आणि काही दिवसांतच दिसेनासे होतात.

मोबाइलवर फोटो कसा काढायचा?

महागडा कॅमेरा लागत नाही. हा बेडूक बराच वेळ एका जागी बसतो, ही मोबाइलवाल्यांसाठी मोठी सोय आहे. पुढील क्रम ठेवला तर पहिल्या दिवसापासून फरक दिसेल.

लेन्स पुसा. न्हाणीघरातल्या वाफेने लेन्सवर धुके धरते आणि फोटो दुधाळ येतो. सुती कापडाने पुसून मिनिटभर थांबा.

आधी लांबून एक फोटो. बेडूक कुठे बसला आहे, भिंत, झाड की टाकी, हे त्यात दिसले पाहिजे. नंतर तो उडून गेला तरी एक फोटो हातात राहतो.

मग हळूहळू जवळ. दोन पावले, एक फोटो, थोडे थांबणे. झूमसाठी वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर बोटांनी झूम करण्याऐवजी जवळ जा किंवा नंतर फोटो कापा. लेन्सशिवाय केलेला झूम म्हणजे कापलेलाच फोटो.

फोकस डोळ्यावर. स्क्रीनवर बेडकाच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे स्थिर होतो. फोन त्याच्या डोळ्यांच्या पातळीत आणा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत बेडूक मातीच्या ढेकळासारखा दिसतो.

उजेड हाताने ठरवा. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचे करू पाहतो. त्यामुळे पांढऱ्या भिंतीवरचा बेडूक काळपट येतो आणि काळोखातला बेडूक पांढराफटक. भिंत पांढरी असेल तर उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. पार्श्वभूमी काळोखी असेल तर खाली.

फ्लॅश बंद. ओल्या त्वचेवर फ्लॅश चमकतो आणि नक्षी पुसली जाते. त्याऐवजी दुसऱ्या मोबाइलची बॅटरी पांढऱ्या रुमालातून किंवा टिश्यू पेपरमधून बाजूने धरा. उजेड मऊ पडतो. रात्री दिसण्यासाठी बेडकाचे डोळे फार संवेदनशील असतात, त्यामुळे चार-पाच फोटो झाले की बॅटरी बंद करा.

ओळखीसाठी सुंदर फोटोपेक्षा उपयोगी फोटो हवेत. बाजूने एक, वरून एक, समोरून चेहऱ्याचा एक, बोटांच्या चकत्यांचा एक आणि जमल्यास मांडीमागच्या ठिपक्यांचा एक, असे पाच फोटो पुरतात. मांडीचा फोटो मिळावा म्हणून पाय ओढू नका. तो चढू लागेल तेव्हा एकामागोमाग फोटो घेण्याची सोय वापरा.

आकार दाखवायला शेजारी नाणे ठेवण्याचीही गरज नाही. फरशीच्या सांध्यापासून सांध्यापर्यंतचे अंतर किंवा बेडूक गेल्यावर त्याच जागी धरलेली मोजपट्टी तेच काम करते.

आवाज : व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून फोन स्थिर ठेवा आणि तीस सेकंद स्वतः गप्प राहा. पंखा आणि मोटार बंद करता आली तर उत्तम.

हौदाच्या भिंतीवर पांढरा फेस दिसला तर?

पावसाळ्यात हौदाच्या आतल्या भिंतीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या पानांवर साबणाच्या फेसासारखा पांढरा, पुढे पिवळसर पडणारा गोळा दिसतो. तो घाण नाही. झाडबेडकाचे ते घरटे आहे. मादी एक द्रव सोडते, मागच्या पायांनी तो घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. बाहेरचा थर वाळून पापुद्रा धरतो आणि आत ओल राहते. काही दिवसांनी बेडूकमासे त्यातून सुटून खालच्या पाण्यात पडतात. त्यानंतर पूर्ण बेडूक व्हायला साधारण दोन महिने लागतात.

हौद जनावरांचा किंवा बागेचा असेल तर तो गोळा तसाच राहू द्या. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर पातळ पुठ्ठ्याने गोळा अलगद सोडवा आणि सावलीतल्या पसरट टबच्या पाण्यावर, पाण्याला टेकणार नाही असा, ठेवा. डास होऊ नयेत म्हणून टबवर जाळी घाला. बेडूकमाशांना पाय फुटू लागले की जाळी काढून एक काठी तिरकी टेकवून ठेवा. पिल्ले त्यावरून बाहेर पडतात.

या फेसाचा फोटोही तेवढाच मोलाचा आहे. बेडूक भरकटत कुठूनही येऊ शकतो, पण घरटे सापडले म्हणजे तो तिथे वीण घालतो, हे सिद्ध होते.

हे करू नका

हात लावू नका : आपल्या हातावर साबण, तेल, घाम, डासांचे मलम असे काही ना काही असते. ते बेडकाच्या त्वचेतून थेट आत जाते. नाइलाज असेल तर हात साध्या पाण्याने ओले करा आणि नंतर साबणाने धुवा. बेडकाला हात लावलेला असताना डोळे चोळू नका, आग होऊ शकते.

मीठ टाकू नका : मीठ त्याच्या अंगातले पाणी ओढून घेते. तो तडफडून मरतो. बाहेर काढायचे तर त्याच्यावर रुंद वाडगे उपडे ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि संध्याकाळी परसातल्या ओल्या सावलीत सोडा.

दूर नेऊन सोडू नका : ‘तलावात सोडले म्हणजे सुखी राहील’ ही समजूत चुकीची आहे. नवी जागा त्याला परकी असते. शिवाय बेडकांचे आजारही त्यांच्यासोबत प्रवास करतात. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगाच्या अनेक भागांत बेडकांच्या जाती संपवल्या आहेत.

फोटोसाठी मांडणी करू नका : बेडूक उचलून फुलावर ठेवणे, पाठीवर गोगलगाय बसवणे, फ्रिजमध्ये थंड करून सुस्त करणे, असे प्रकार समाजमाध्यमांवरच्या ‘गोड’ फोटोंमागे असू शकतात. त्यांना लाइक देण्याआधीही विचार करावा.

स्वतःला जपा : जिथे बेडूक, तिथे साप येऊ शकतो. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. रात्री पायात बूट, हातात बॅटरी हवी. दगडांच्या फटीत हात घालू नये. साप चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या कडेला फोटोसाठी वाकू नये. पाय घसरला तर माणसालाही वर चढता येत नाही. तळ्यात काथ्याचा जाड दोर बांधून सोडला, तर भेक आणि इतर लहान प्राण्यांचे जीव वाचतात आणि वेळप्रसंगी माणसालाही आधार होतो.

बेडकाचा स्पर्श झाला की चामखीळ उठते, ही समजूतही काढून टाकायला हवी. चामखीळ विषाणूमुळे होते. त्याचा बेडकाशी संबंध नाही.

काढलेल्या फोटोचे पुढे काय?

मोबाइलने काढलेल्या प्रत्येक फोटोसोबत एक अदृश्य चिठ्ठी असते. फोटो किती वाजता काढला, कोणत्या फोनने, आणि लोकेशन सुरू असेल तर नेमका कुठे, हे तिच्यात लिहिलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि ही चिठ्ठी गळून पडते. चार ग्रुप फिरून आलेला बेडूक मंगळवेढ्याचा की म्हैसूरचा, हे मग कोणालाच सांगता येत नाही. जाणकाराकडे फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’. दोन्ही २००८ मध्ये सुरू झालेले, मोफत उपक्रम आहेत. खाते उघडायचे, फोटो टाकायचा, तारीख आणि ठिकाण तपासायचे, एवढेच काम. आयनॅचरलिस्टवर आवाजाची फाइलही टाकता येते. अ‍ॅप स्वतः काही नावे सुचवते, पण त्यावर डोळे झाकून शिक्का मारू नये. खात्री नसेल तर नुसते ‘बेडूक’ लिहिले तरी चालते. जाणकार लोक पाहून नाव सुचवतात. तारीख, ठिकाण आणि पुरावा असलेल्या नोंदीच्या ओळखीवर दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, की ती ‘रिसर्च ग्रेड’ ठरते. अशी नोंद जगभरच्या अभ्यासकांसाठी खुल्या असलेल्या जीबीआयएफ या माहितीसाठ्यात जाऊ शकते. त्यासाठी नोंदीचा परवाना खुला ठेवावा लागतो.

एक काळजी घ्या. फोटो घरातला असेल तर नेमके लोकेशन सर्वांना दिसेल. अ‍ॅपमध्ये ठिकाण अंधुक ठेवण्याचा पर्याय आहे. तो निवडला की परिसर कळतो, घर कळत नाही.

इतकी खटपट कशासाठी?

महाराष्ट्रात बेडूक म्हटले की नजर सह्याद्रीकडे वळते आणि ते स्वाभाविक आहे. आंबोलीत हिरवागार मलबारी उडता बेडूक दिसतो. आंबोलीचा भेक २००९ मध्ये नवी जात म्हणून जगासमोर आला. २०१३ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी सह्याद्रीतील एका नव्या झुडूपबेडकाला ज्येष्ठ प्राणिशास्त्रज्ञ प्रा. हेमंत घाटे यांचे नाव दिले. पावसाळी सहली, कार्यशाळा, कॅमेरे, सारे तिकडेच जाते.

पठारावरच्या कोरड्या तालुक्यांच्या वाट्याला असे लक्ष येत नाही. पण बदल इथेही होत आहेत. मातीच्या आणि चुन्याच्या भिंती गेल्या, सिमेंट आले. उघडे हौद जाऊन झाकणबंद टाक्या आल्या. पिकांवरच्या फवारण्या वाढल्या आणि बेडकाची त्वचा पाण्यातले औषधही पाण्याबरोबर शोषून घेते. बेडूक कमी झाले का? गावात विचारले तर जुनी माणसे ‘पूर्वी रात्रभर ओरडायचे’ एवढे सांगतात. ते खरे की आठवणीतले, हे ठरवायला नोंदी लागतात.

जगाचे चित्र काळजीचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ८,०११ उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार ४०.७ टक्के जाती धोक्यात आहेत. पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये हा सर्वाधिक धोक्यात असलेला गट आहे. भारताने हा फटका एकदा अनुभवला आहे. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीसाठी शेतांतून मोठ्या प्रमाणावर बेडूक पकडले जात होते. कीड खाणारा हा प्राणी शेतातून जातो आहे, हे लक्षात आल्यावर १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली.

पाऊस लांबला की गावागावांत ‘धोंडी’ काढली जायची आणि काही ठिकाणी त्यात बेडूकही असायचा. पावसाचा निरोप बेडकाकडून घेण्याची ही जुनी रीत. आज हवामानाचा अंदाज मोबाइलवर मिळतो, पण गावातला ओलावा टिकून आहे की नाही, हे सांगायला बेडकाइतका चोख साक्षीदार अजूनही दुसरा नाही.

दुर्मीळ प्राणी नाहीसा झाला तर बातमी होते. नेहमीचा प्राणी कमी होत जातो, तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो असतानाच कोणी मोजलेला नसतो. न्हाणीघरातल्या बेडकाचा आजचा फोटो, तारखेसह आणि गावाच्या नावासह, आणखी वीस वर्षांनी तुलनेसाठी हाताशी असेल. त्यासाठी जंगल लागत नाही. पुढच्या पावसात टाकीच्या झाकणाखाली तो दिसला, तर झाडू जागेवरच राहू द्या आणि मोबाइलचे लोकेशन सुरू आहे ना, एवढे तपासा.